मदत हवी आहे : डाउनलोड केलेल्या विद्यापीठीय व्याख्यानांवरून गणित पक्के कसे करावे?

नमस्कार,

विद्यापीठांची मोफत व्याख्याने डाउनलोड करून त्यांवर स्वतःच्या बळावर अभ्यास करणाऱ्या सभासदांचा अनुभव मला जाणून घ्यायचा आहे. माझा मोकळा वेळ बहुतेक प्रवासातच मिळतो आणि वाटेत इंटरनेट असेलच याची खात्री नसते, म्हणून व्याख्याने आधीच मोबाइलमध्ये साठवून ठेवते. सध्या अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या मोफत संकेतस्थळावरील प्रा. गिल्बर्ट स्ट्रँग यांचा रेषीय बीजगणिताचा अभ्यासक्रम पाहत आहे.

माझी अडचण नेमकी कुठे आहे, हे पहिल्याच व्याख्यानाच्या उदाहरणाने सांगते. त्यात २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३ अशी दोन समीकरणे घेतली आहेत. शाळेत शिकलेल्या पद्धतीने आलेख काढला, तर दोन रेषा (१, २) या बिंदूत छेदतात. त्यानंतर प्रा. स्ट्रँग तीच समीकरणे स्तंभांच्या दृष्टीने मांडतात, म्हणजे क्षचे गुणक एका स्तंभात आणि यचे दुसऱ्या स्तंभात : (२, −१) हा सदिश (संख्यांची क्रमवार जोडी) एकदा आणि (−१, २) हा सदिश दोनदा घेऊन बेरीज केली, की (०, ३) मिळतो. समीकरणे सोडवणे म्हणजे स्तंभ योग्य प्रमाणात एकत्र करणे, हा विचार मला फार सुंदर वाटला आणि पाहताना तो पूर्णपणे कळलाही. मात्र तीन चलांची नवी समीकरणे घेऊन कोऱ्या कागदावर तेच करायला बसले, की पुढची पायरी सुचत नाही. व्याख्यान समजणे आणि गणित सोडवता येणे यांतले हे अंतर कसे भरून काढावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

येल विद्यापीठाच्या ओपन येल कोर्सेसमधील इतिहासाची आणि तत्त्वज्ञानाची व्याख्याने नुसत्या ध्वनिमुद्रणावरूनही उत्तम समजतात, शिवाय त्यांची लिखित प्रतही मिळते. गणिताचे तसे नाही. तिथे फळा दिसलाच पाहिजे, आणि हातात पेन्सिल असलीच पाहिजे. गर्दीत उभे राहून हे जमत नाही. म्हणून वाटेत व्याख्यान फक्त पाहावे आणि घरी तेच पुन्हा थांबवत थांबवत सोडवावे, की आधी प्रश्नसंच हाती घेऊन अडेल तेवढाच भाग पाहावा? दुसरी पद्धत मला अधिक योग्य वाटते, पण पायाच नवा असताना ती कितपत चालते, याविषयी मन साशंक आहे.

ओपनकोर्सवेअरवर अभ्यासक्रमाचे साहित्य एकत्रित झिप फाइलमध्ये मिळते आणि व्हिडिओ वेगळे उतरवावे लागतात. पुष्कळ जण केवळ व्हिडिओ घेतात, पण माझ्या मते प्रश्नसंच, परीक्षा आणि त्यांची उत्तरे यांच्याशिवाय हा साठा अपुराच राहतो. साठवून ठेवण्याचा माझा आग्रह आणखी एका कारणाने आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक ध्वनिफिती व ध्वनिचित्रफिती सर्वांसाठी खुल्या ठेवणे बंद केले, कारण श्रवणदोष असलेल्यांना त्या वापरता येत नसल्याची तक्रार अमेरिकेच्या न्याय विभागापर्यंत गेली होती. ती तक्रार मला रास्त वाटते. उपशीर्षकांमुळे गोंगाटात मलाही पुष्कळ मदत होते. ॲपलची आयट्यून्स यू ही मोफत व्याख्यानांची सेवाही २०२१ अखेर बंद झाली. ज्याचा अभ्यास करायचा, ते हाताशी असलेले बरे.

आणखी एक शंका आहे. प्रश्नसंचातील आकडेमोडीची उत्तरे ताडून पाहता येतात, पण ‘सिद्ध करा’ अशा प्रश्नांत माझी मांडणी दिलेल्या उत्तरापेक्षा वेगळी आली, तर ती बरोबर आहे की नाही हे ठरवणार कोण? शिक्षक किंवा सहाध्यायी नसताना आपण सिद्धता कशी तपासता? असा एखादा गणिती अभ्यासक्रम ज्यांनी शेवटापर्यंत नेला आहे, त्यांनी आपली पद्धत सविस्तर लिहिल्यास मी मनापासून ऋणी राहीन.