डॉक्टर लस घेतात म्हणून आपणही घ्यावी, हा युक्तिवाद कितपत टिकतो?

चौकस
कोविडच्या काळात लशीवरून वाद पेटला की कुणीतरी हुकमी पत्ता टाकायचंच: "डॉक्टर स्वतः घेताहेत ना, मग झालं तर!" जून २०२१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सर्वेक्षणात तिथल्या ९६ टक्के डॉक्टरांचं लसीकरण पूर्ण झाल्याचं आढळलं होतं. आकडा भारी आहे, पण मला त्यामागचं कारण हवंय. पटून घेतली, भीतीपोटी घेतली की नोकरीपोटी?

माझं मत सांगतो. मुख्यतः धोक्याच्या हिशेबापोटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडनं गेले. रुग्णाच्या घशात नळी घालणाऱ्याचा हिशेब घरी बसून काम करणाऱ्याहून वेगळा असणारच. म्हणून "डॉक्टर घेतात" एवढ्यावर तुमचा निर्णय होत नाही, असंही मला वाटतं.

शंकासुर
शेवटचं वाक्य सोडून असहमत. ज्या पेशात वरिष्ठांपुढे ब्र काढायची सोय नाही, तिथले ९६ टक्के मी खात्रीचं माप मानत नाही. सर्वेक्षणही डॉक्टरांच्याच संघटनेचं. पुढे फ्रान्सनं तर १५ सप्टेंबर २०२१ ही मुदतच घातली; लस नाही तर काम नाही. पगार अडवून धरल्यावर निवड कसली?

आणि एक सांगा. त्याच वॉर्डात तेच मृत्यू पाहणाऱ्या नर्स आणि मदतनीसांमध्ये लस घेण्याचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांपेक्षा कमी होतं. जवळून पाहून खात्री पटत असेल, तर त्यांची का नाही पटली?

रात्रपाळी
मी डॉक्टर आहे, कोविड वॉर्डात काम केलंय. पक्षपाती म्हणा हवं तर.

सक्तीचं आधी. पहिल्या लशी डिसेंबर २०२० मध्ये आल्या तेव्हा भांडण उलटं होतं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या रुग्णालयात निवासी डॉक्टरांनी निदर्शनं केली ती पहिल्या खेपेच्या यादीत आपल्याला जवळजवळ जागाच नाही म्हणून. ज्यांना जबरदस्तीनं टोचलं जातं ते लस मिळावी म्हणून असे भांडत नाहीत.

नर्सचा प्रश्न मात्र नेमका आहे, आणि "जवळून पाहिलं म्हणून घेतली" हे आमच्या लोकांचं आवडतं उत्तर त्यानं अडचणीत येतं. मृत्यू पाहून भीती वाटते. लशीबद्दल खात्री वाटायला वेगळं काही लागतं. फायझरच्या चाचणीत ४३ हजारांवर लोक होते, निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. लसवाल्यांत कोविडचे ८ रुग्ण निघाले, दुसऱ्या गटात १६२. हा तक्ता मी रात्रीच्या ड्यूटीत वाचला, शंका आली ती सहकाऱ्याला विचारली, दोघांनी मिळून वाईट बाजू शोधायचा प्रयत्न केला. आमचं शिक्षणच तसं असतं. मदतनीसाला तो तक्ता कुणी उलगडून दाखवला? त्याला परिपत्रक मिळालं. वर लशीनंतर ताप आला आणि दोन दिवसांचा पगार कापला गेला, तर ती भीती काही अडाणीपणाची नाही.

आकडेमोड
एक दुरुस्ती. ८ विरुद्ध १६२ यातून कळतं ते लक्षणं दिसणाऱ्या आजाराबद्दल. लस घेतलेला डॉक्टर रोग पसरवतो की नाही, हे त्या चाचणीनं तपासलंच नव्हतं. ते थोडंफार कळलं ब्रिटनच्या सायरन अभ्यासातून. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांची, लक्षणं असोत वा नसोत, ठराविक अंतरानं पीसीआर चाचणी व्हायची. फायझरच्या पहिल्या डोसला तीन आठवडे झाल्यावर संसर्ग सुमारे ७० टक्क्यांनी कमी, दुसऱ्यानंतर आठवड्यानं ८५ टक्क्यांनी. संसर्गच झाला नाही तर पुढे काय देणार? केमोथेरपी चालू असलेल्या किंवा किडनी बदललेल्या, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांत वावरणाऱ्याला स्वतःच्या तब्येतीपेक्षा हा मुद्दा मोठा.

शंकासुर
आणि मग नोव्हेंबर २०२१ मध्ये कोविडच्या विषाणूचा नवा प्रकार, ओमायक्रॉन, आला. दोन-तीन डोस घेतलेले डॉक्टर घाऊक आजारी पडले. तुमचा "मोठा मुद्दा" वर्षभरही टिकला नाही.

२००९ च्या स्वाइन फ्लूवरची पँडेमरिक्स लस आठवते का? आरोग्य कर्मचारी तिथेही रांगेत पुढे होते. २०१० मध्ये स्वीडन आणि फिनलंडमध्ये ती घेतलेल्या मुलांत नार्कोलेप्सी (दिवसा अचानक झोप लागण्याचा आजार) दिसायला लागली. कुठल्या तक्त्यात होती ती?

रात्रपाळी
कुठल्याच नाही. काही हजारांच्या चाचणीत लाखात काही जणांना होणारा त्रास दिसत नाही, आणि हे लस घेतानाही मला ठाऊक होतं. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनंतरच्या रक्ताच्या गुठळ्या अशाच नंतर कळल्या, एप्रिल २०२१ मध्ये, आणि ब्रिटननं तरुणांना त्याऐवजी वेगळ्या कंपनीची लस द्यायला घेतली. शून्य धोका असा रकाना माझ्यापुढे नव्हताच. एका बाजूला लाखात काही, दुसऱ्या बाजूला रोजचा वॉर्ड.

ओमायक्रॉनबद्दल: संसर्ग रोखण्यात लस बरीच लंगडी पडली, मान्य. गंभीर आजार रोखण्यात तेवढी नाही. आजारी पडलेले सहकारी घरी झोपून परत आले. २०२० मध्ये काही जण व्हेंटिलेटरवर गेले होते.

जुनी फाईल
हाफकिनचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही? १० जानेवारी १८९७ ला मुंबईत त्यानं स्वतःची प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. सक्ती नव्हती, परिपत्रक नव्हतं!

शंकासुर
हाफकिन डॉक्टर नव्हता, जीवशास्त्रज्ञ होता. आणि एका माणसानं टोचून घेण्यातून धाडस सिद्ध होतं, लस नव्हे. १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवालला त्याच लशीनंतर १९ माणसं धनुर्वातानं गेली, तेही फाईलला लावा.

जुनी फाईल
लावतो, पण पूर्ण. ती सगळी एकाच बाटलीतून टोचलेली होती. त्या दिवशी बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. १९०७ मध्ये हाफकिनवरचा या मृत्यूंचा ठपका पुसला गेला.

चौकस
गाडी प्लेगवरून परत आणूया. शंकासुर, सक्ती नको हे तुमचं म्हणणं बाजूला ठेवून विचारतो. तुमच्या घरातलं कुणी केमो घेत असेल तर लस न घेतलेला डॉक्टर चालेल?

शंकासुर
२०२१ च्या उन्हाळ्यात नसता चालला. ओमायक्रॉननंतर मी विचारलंही नसतं, मास्क नीट लावतो का एवढंच पाहिलं असतं. इंग्लंडनंही २०२२ च्या सुरुवातीला आरोग्य सेवेतली नियोजित सक्ती लागू व्हायच्या आधीच मागे घेतली, ती उगाच नाही.

रात्रपाळी
मी अजूनही विचारीन. मास्क जेवताना उतरतो, आणि आमच्या ड्यूटीरूममध्ये आम्ही सगळे एकत्रच जेवायचो.