हंगेरी : फ्रँकमधील कर्जांचा विसर नको
हंगेरीतील आर्थिक राष्ट्रवाद, म्हणजे परकीय भांडवलाला लगाम घालून देशी हित पुढे करणारे धोरण, हे केवळ स्थलांतरितविरोधी राजकारणाचे उपांग आहे, असे एक मत मांडले जाते; मला ते अपुरे वाटते. व्याज कमी म्हणून लाखो कुटुंबांनी घरासाठी स्विस फ्रँकमध्ये कर्जे काढली होती, बहुतेक परदेशी मालकीच्या बँकांकडून. २००८ नंतर फोरिंट हे हंगेरीचे चलन फ्रँकच्या तुलनेत घसरले आणि पगार तोच असताना हप्ता मात्र महिन्यामागून महिना फुगत गेला. घर जाण्याची ही भीती स्थलांतरितांच्या २०१५ मधील लोंढ्याच्या कितीतरी आधीची आहे. पंतप्रधान झालेल्या व्हिक्टर ओर्बान यांनी २०१० मध्ये बँकांवर विशेष कर लादला आणि २०११ मध्ये एका फ्रँकला १८० फोरिंट या सवलतीच्या दराने कर्ज फेडण्याची मुभा दिली. परंतु फेड एकरकमी करायची असल्याने गाठीशी पैसा असलेल्यांचेच फावले, आणि ज्यांच्या नावाने हे सारे झाले ते बहुतांशी मागेच राहिले, याची मला मनापासून चीड येते. शिवाय हा राष्ट्रवाद सरसकट परकीय भांडवलविरोधी कधीच नव्हता : बँका, दूरसंचार, किरकोळ व्यापार यांवर कर बसवणाऱ्या याच सरकारने जर्मन मोटार कंपन्यांना आणि पुढे देब्रेत्सेन शहरातील चिनी बॅटरी कारखान्याला मात्र अनुदाने देऊन बोलावले.