पोरीचा खो-खो बंद करून मोठ्या नावाच्या कॉलेजात टाकू का? अॅडमिशनला खेळ धरतात की नाही?

यावलकर_बापू

नमस्कार मंडळी. पोरीची दहावी झाली, ८९ टक्के पडले, त्यात खेळाचे वाढीव मार्क पण आहेत. सहावीपासून खो-खो खेळते, तालुका जिल्हा विभाग करत करत मागच्या वर्षी राज्याला जाऊन आली. विभागाच्या मॅचला मी स्वतः बघायला गेलतो, एका डावात अडीच मिनिटाच्या वर पळाली, शेवटी खांबाजवळ पाय सरकला तेव्हा आउट झाली. गुडघे दोन्ही सोललेले, आईने हळद लावली तर दुसऱ्या दिवशी परत साडेपाचला ग्राउंडवर.

आता अकरावीचा फॉर्म भरायचाय. माझा साला म्हणतो जळगावला इंटिग्रेटेड कॉलेजला टाका, कॉलेजचं नाव पण लागतं आणि क्लास पण तिथेच, दोन वर्षाचे अडीच लाख, पण खेळ बंद, त्यांनी तोंडावरच सांगितलं की सुट्टी मिळणार नाही. आणि पुण्याला असलेला पुतण्या म्हणतो काका खेळ अजिबात सोडवू नका, आता मोठ्या कॉलेजात अॅक्टिव्हिटी बघतात, बाहेरच्या देशात तर त्याच्यावरच अॅडमिशन होतं. मी केळीवाला माणूस भो, यातलं काय खरं मानायचं? पोरीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. दहावीचे वाढीव मार्क मिळाले तसे पुढे पण मिळतात का, आणि कॉलेज कोणतं होतं ते कोणी विचारतं का?

अमळनेरचे_सर

बापू, मी २६ वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलं, दरवर्षी जून महिन्यात हाच प्रश्न घेऊन पालक यायचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या राज्यात इंजिनिअरिंगची मेरिट एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या नाहीतर जेईई मेन या देशपातळीच्या परीक्षेच्या स्कोअरवर लागते. पोरगी कोणत्या कॉलेजातून बारावी झाली हे कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीत, कोणी बघत नाही, जळगावचं नामांकित असो की तालुक्याचं अनुदानित असो. बारावीला ओपनला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४५ टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतात, तेवढी पात्रता झाली की पुढे सगळं पर्सेंटाइल, म्हणजे परीक्षेत किती टक्के पोरांच्या पुढे आहे ते. तिथे खो-खोचं सर्टिफिकेट जोडायला रकाना पण नाही. बारावीला बोर्डाचे खेळाचे वाढीव मार्क मिळू शकतात, पण ते बारावीच्या निकालात धरतात, सीईटीच्या स्कोअरला त्यांचा काही उपयोग नाही. एनआयटीला, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजला जायचं असेल तर मात्र बारावीला ७५ टक्के, एससी एसटीला ६५, किंवा बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं, तिथे बारावीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. आणि इंटिग्रेटेडमध्ये नेमकं बारावीच्या लेखी पेपरकडेच दुर्लक्ष होतं, प्रॅक्टिकलच्या जर्नल शेवटच्या महिन्यात उतरवून घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सीईटीला अकरावीचा वाटा साधारण २० टक्के आणि बारावीचा ८०, निगेटिव्ह मार्किंग नाही, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्काचे. म्हणजे २०० पैकी १०० एकट्या गणिताचे. नावाला अडीच लाख देण्यापेक्षा गणिताचा एक चांगला मास्तर शोधा, तो चोपड्याला मिळाला तर चोपड्याला जा, फैजपूरला मिळाला तर फैजपूरला.

खेळाने अॅडमिशन अजिबात होत नाही असं मात्र नाही, दारं थोडी आहेत पण आहेत. आयआयटी मद्रासने २०२४ पासून प्रत्येक बीटेक-बीएस कोर्सला खेळाडूंसाठी २ जादा सीट ठेवल्या, त्यातली एक मुलींना. पण जेईई अॅडव्हान्स ही आयआयटीची परीक्षा पास होऊन रँक लिस्टमध्ये यावंच लागतं, मागच्या चार वर्षात राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मेडल लागतं, आणि ठरावीकच खेळ चालतात, ती यादी आधी बघा. दिल्ली विद्यापीठात स्पोर्ट्स कोटा आहे, तिथे सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि वर सर्टिफिकेट, ट्रायलचे गुण, पण ते बीए बीकॉम बीएस्सीवाल्यांच्या कामाचं. राज्य सरकारच्या नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, ते पुढच्या काळात कामाला येईल, म्हणून आजची सर्टिफिकेटं जपून ठेवा.

भुसावळची_लेक

बापूकाका, मी मूळ भुसावळची, आता न्यू जर्सीत राहते, गेल्या वर्षी माझ्या मुलीचे कॉलेजचे फॉर्म भरले म्हणून तुमच्या पुतण्याच्या बोलण्यावर लिहिते. तो म्हणतो ते इथल्या ग्रॅज्युएशनच्या अॅडमिशनला बऱ्याच अंशी खरं आहे. कॉमन अॅप नावाचा फॉर्म आहे त्यात अॅक्टिव्हिटीच्या १० जागा असतात, वर ६५० शब्दांचा निबंध, शिक्षकांची पत्रं. आणि शाळा कोणती हे पण बघतात, शाळा स्वतःची माहिती पाठवते, कोणते विषय शिकवतात, मार्क कसे असतात, मग त्या शाळेत जे मिळण्यासारखं होतं त्यातलं पोराने किती घेतलं असं मोजतात. घरी शेतीत हात लावला, लहान भावंडं सांभाळली हे पण तिथे अॅक्टिव्हिटी म्हणून लिहिता येतं, ते मला फार आवडलं.

पण त्यात एक दुखणं आहे. २०२३ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सोबतच्यांनी अभ्यास केला, त्यात निघालं की सारख्याच मार्काची पोरं घेतली तरी सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरातल्या पोरांचं हार्वर्ड, येलसारख्या कॉलेजात जाण्याचं प्रमाण मध्यमवर्गाच्या दुपटीहून जास्त. कारणं तीन, आईबाप तिथले माजी विद्यार्थी, कॉलेजने टीमसाठी उचललेले खेळाडू, आणि हेच ते अॅक्टिव्हिटी शिफारशीचं वजन. म्हणजे महागड्या शाळेत ज्यांना कोच, कौन्सिलर मिळतो त्यांचाच कागद भारी दिसतो. तरी निवडक शाळेत घातलं की झालं असंही नाही बरं का, २००५ च्या एका अभ्यासात दिसलं की बाकी सगळं सारखं धरलं तर फार हुशार पोरांच्या शाळेत गेल्याने चान्स उलट थोडा कमी होतो, कारण तुलना तिथल्याच पोरांशी होते. आणि पैसा! बाहेरच्या देशातल्या पोरांची ऐपत न बघता अॅडमिशन देणारी कॉलेजं मोजकीच आहेत, बाकीच्यांकडे मदत मागितली की तोच मुद्दा आडवा येतो. त्यासाठी पोरीला खो-खो खेळवू नका, आणि त्यासाठी बंद पण करू नका, तुमच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगशी त्याचा संबंधच नाही.

धुळ्याची_माय

दादा मी फक्त कागदाचं सांगते कारण आमचं त्यातच नुकसान झालं. माझा पोरगा कबड्डीत विभागाला खेळला होता, दहावीला वाढीव मार्क मिळणार म्हणून निवांत होतो. शाळेतून प्रस्ताव जातो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे आणि तिथून नाशिकच्या विभागीय मंडळात. क्लार्क म्हणायचे पाठवलाय ताई, पाठवलाय. निकालाच्या दिवशी मार्कशीटवर वाढीव मार्क नाहीत, शाळेत जाऊन बघितलं तर आमचं पाकीट त्यांच्याच कपाटात, सर्टिफिकेटला स्टेपलर मारलेला तसाच. पोरगा घरी येऊन काही बोलला नाही, बूट धुवून गच्चीवर वाळत घातले आणि झोपला, ते मला अजून आठवतं. म्हणून सांगते बारावीला तुम्ही स्वतः पाठपुरावा करा, आवक नंबर लिहून घ्या, प्रत्येक सर्टिफिकेटच्या चार झेरॉक्स काढा, आणि नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का बघा, आमच्या एका सर्टिफिकेटवर आडनावच चुकलेलं होतं.

अजून एक, खेळ बंद करायचा का हे पोरीला विचारलं का कोणी? तुमच्या पोस्टमध्ये साला आहे, पुतण्या आहे, ती कुठेच नाही.

अमळनेरचे_सर

ताई बरोबर बोलल्या. बापू, अजून एक सांगायचं राहिलं, अकरावी आता सगळ्या राज्यात ऑनलाइन आहे, दहा पसंती भरता येतात, पण पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. त्यामुळे एक नंबरला जे लिहाल ते नीट विचार करून लिहा, सालेसाहेबांच्या आग्रहाने लिहू नका.

यावलकर_बापू

सर, दोन्ही ताई, फार उपकार झाले. धुळ्याच्या ताई, तुमचं वाचून रात्रीच विचारलं तिला. ती म्हणे पप्पा सकाळी दीड तास ग्राउंड मिळालं तरी बस, शनिवार रविवार क्लास करते, पण ग्राउंड बंद झालं तर माझं अभ्यासात पण मन लागणार नाही. इंटिग्रेटेडवाल्यांना नाही म्हणून कळवलं, साला जरा नाराज आहे, होईल ठीक. सर्टिफिकेटं काल काढून बसलो, सातच्या सात प्लास्टिकच्या फाइलीत लावली, त्यातल्या एकावर जन्मतारीख चुकलेली निघाली, ती आता क्रीडा कार्यालयात जाऊन दुरुस्त करून आणतो.

आता एवढंच सांगा कोणी, फैजपूर सावदा भुसावळ साइडला ज्या ज्युनिअर कॉलेजात सायन्स पण चांगलं आहे आणि मुलींची १९ वर्षाखालची खो-खोची टीम खरोखर चालते असं कोणतं आहे? शनिवारपर्यंत फॉर्म लॉक करायचाय.