आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरसाठी स्वतःची डेटा फाइल: ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

मंडळी, स्टेलॅरियम असो की कार्त द्यू सिएल, कधी ना कधी त्यात आपली स्वतःची फाइल घालावीशी वाटते. गच्चीचं क्षितिज, नवा धूमकेतू, तार्‍यांची मराठी नावं. आकडे अचूक असूनही मांडणी बिघडली की सगळं आकाश बिघडतं. अशा फायली केलेल्यांनी सविस्तर लिहा, जमल्यास नमुन्याची ओळही द्या.

घोडबंदर रोड
पश्चिमेला येऊरचे डोंगर, दक्षिणेला टॉवर. स्टेलॅरियमच्या क्षितिज फाइलमध्ये दर ओळीत दोनच आकडे लागतात: आधी दिगंश (दिशेचा कोन), मग उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन). दिगंश उत्तरेपासून पूर्वेकडे मोजायचा. टॉवरच्या ओळी अशा: १७० २२, पुढची १९० २२. (फाइलमध्ये अंक इंग्रजीच हवेत.) गच्चीवरच्या लोखंडामुळे होकायंत्र फिरतं, म्हणून मी सूर्याचा त्या वेळचा दिगंश सॉफ्टवेअरमधून घेऊन त्यावरून बाकीचे कोन मोजले. अगस्त्य तारा ठाण्यातून जेमतेम १८ अंश वर येतो, म्हणजे ऐन दक्षिणेला असताना आमच्याकडून टॉवरमागेच. तो पश्चिम कडेने कधी बाहेर पडणार हे फाइलने सांगितलं, आणि त्याच वेळेला तो दिसला! फार आनंद झाला.

वाशी
धूमकेतूंसाठी मायनर प्लॅनेट सेंटरच्या (लघुग्रह-धूमकेतूंच्या कक्षांची नोंद ठेवणारी संस्था) साच्यात प्रत्येक आकड्याचे स्तंभ ठरलेले असतात. टॅब अजिबात नको, स्पेसच द्या.

कळवा
भारतीय वेळेचा जागतिक वेळेपासूनचा फरक (साडेपाच तास) दशांशात मागितला असेल तर ५.५ लिहा, ५.३० नाही; ५.३० म्हणजे ५ तास १८ मिनिटंच, १२ मिनिटं कमी. त्या १२ मिनिटांत आकाश ३ अंश सरकतं.

खारघर
मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे घ्या. त्यातल्या मिंटाकाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर; दक्षिणेला उणे) उणे ० अंश १८ कला (६० कला म्हणजे १ अंश). अंश आणि कला वेगळ्या रकान्यांत असतील तर स्प्रेडशीट ‘-००’चं सरळ ० करते, उणे चिन्ह जातं आणि तारा ३६ कला उत्तरेला चढतो. पूर्ण चंद्राच्या रुंदीहून जास्त! बाण वाकडा दिसला तेव्हा कारण सापडलं. यावर पक्का उपाय कुणाकडे आहे का?

ऐरोली
शाळेतल्या मुलांसाठी नावं हिप्पार्कस या तारकासूचीतल्या क्रमांकाला जोडली: वसिष्ठ ६५३७८, अरुंधती ६५४७७. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनामध्येच (एन्कोडिंग) सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन येतात. पडद्यावर ‘अरुंधती’ वाचून मुलं लगेच ‘वसिष्ठ कुठाय?’ विचारतात.

वाशी
खारघरकर, येल ब्राइट स्टार कॅटलॉग या ठळक ताऱ्यांच्या यादीमध्ये क्रांतीच्या चिन्हाला अंशांआधी स्वतंत्र स्तंभ आहे. तुमच्या फाइलमध्येही चिन्हाचा वेगळा रकाना करा आणि तो मजकूर म्हणून ठेवा. किंवा सगळं दशांश अंशांत आणा: -०.३.