मदत हवी आहे: रिकव्हरी डिस्क दुसऱ्या डीव्हीडीवर अडकते

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. बाबांचा जुना लॅपटॉप, विंडोज ७ चा. ५०० जीबीची हार्ड डिस्क गेल्या महिन्यात कुरकुर करत बंद पडली. जेल रोडवरून २४० जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली डिस्क) आणून बसवली. नशिबाने बाबांनी घेतल्या घेतल्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरने तीन रिकव्हरी डीव्हीडी (लॅपटॉपवर मूळ विंडोज परत टाकायच्या) बनवून कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली ठेवल्या होत्या. (आमच्याकडे काहीही टाकत नाहीत, त्याचा कधी नव्हे तो फायदा.)

बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) डीव्हीडी ड्राइव्ह पहिला केला, म्हणजे लॅपटॉप डीव्हीडीवरून सुरू होईल. पहिली डिस्क नीट चालते, सगळं पुसलं जाईल अशी सूचना येते, मी हो म्हणतो. दुसरी घातली की १८ टक्क्यांवर एरर, आणि पुन्हा पहिल्यापासून. डिस्कवर ओरखडा दिसत नाही, मऊ कापडाने पुसूनही पाहिली.

मला दोन शंका आहेत. नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान असल्याने जुनं विभाजन (डिस्कचे पाडलेले भाग, पार्टिशन) मावत नसेल का? की बायोसमधलं साटाचं (डिस्क जोडणीचं) सेटिंग एएचसीआय या नव्या पद्धतीवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर करून पाहावं? डीव्हीडीची आयएसओ (एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत) करून पेनड्राइव्हवरून चालवता येतं का?

विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, ठाऊक आहे. नेटला जोडणारच नाही. बाबांचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं, आणि मंडळाची सगळी पत्रं त्यातच आहेत. दुकानदार म्हणाला, "भाऊ, नवा घ्या." ते बाबांना सांगायची माझी हिंमत नाही.