आईची झोप उडालीये, चिडचिड वाढलीये, कुणाला दाखवू?

प्रश्न (अशोक चौकातली लेक): आई ४८ ची, घरी विड्या वळते. पाळी मागंपुढं व्हायला लागल्यापासून रात्री मधेच घामाघूम होऊन उठून बसते, दिवसभर चिडचिड आणि मधेच रडू. काकू म्हणतात या वयात व्हायचंच, पण मला नाही पटत.

उत्तर (जुळे सोलापूर): नको पटवून घेऊस. पाळी जायच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन वरखाली होतं, त्यानं झोप आणि मूड दोन्ही बिघडतात. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पण तपासून घे. बाळंतपणानंतर आईला असं उदास वाटायचं का तेही विचार, त्या वेळी नैराश्य आलेल्या बायकांना या टप्प्यावर परत त्रास व्हायची शक्यता जास्त असते, आणि आपल्याकडं हे डॉक्टरांना कुणी सांगतच नाही.

वहिनी: सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे. यायला तयार नसतील तर टेलिमानस, म्हणजे मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६ लावून दे, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. जगून काय करू असं काही बोलल्या तर मात्र त्याच दिवशी घेऊन जा.

अशोक चौकातली लेक: परवा तसंच काहीतरी बोललीये ताई. आत्ताच निघते तिला घेऊन.