येन बायच्या उठावाला पोरकटपणा म्हणणं मला पटत नाही

सह्यकडा: गोदातीर यांनी काल लिहिलं की १९३० साली व्हिएतनाममधल्या येन बायच्या छावणीत फ्रेंच राजवटीविरुद्ध झालेला उठाव हा तरण्या पोरांचा उतावीळपणा, एका रात्रीत आटोपला, हाती काही लागलं नाही, उलट पक्षच बुडाला. वाचून राहवलं नाही.

उठावाचा पुढारी न्युएन थाय हॉक याच्यापुढे थांबायचा पर्याय होता कुठे? फेब्रुवारी १९२९ मध्ये हनोईत मजूर भरती करणाऱ्या बाझँ या फ्रेंच दलालाचा खून झाला आणि फ्रेंचांनी व्हिएतनाम क्वोक दान दांग या हॉकच्या राष्ट्रवादी पक्षाची शेकडो माणसं उचलली. लपवलेले बॉम्ब पकडले जात होते, आतलेच फितूर होत होते. थांबले असते तर एकेक करून तुरुंगातच गेले असते. म्हणून छावणीतल्या देशी शिपायांना हाताशी धरून उठले. १७ जून १९३० ला तेरा जणांची मुंडकी गिलोटिनखाली उडाली. हॉकचा साथीदार फो दुक चिन तर पातं येताना दिसावं म्हणून उताणा झोपला. याला पोरकट म्हणायला जीभ रेटते कशी?

गोदातीर: धैर्य मी नाकारलेलंच नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नका. मी नियोजनाबद्दल बोलतोय. तारीख पुढे ढकलल्याचा निरोप सगळीकडे पोचलाच नाही. येन बायच्या छावणीतले बहुतेक देशी शिपाई उठले नाहीत, उजाडल्यावर फ्रेंचांच्या बाजूने लढले. आणि १६ फेब्रुवारी १९३० ला को आम गावावर विमानांतून बॉम्ब पडले. त्या गावातल्या बायकापोरांना कुणी विचारलं होतं?

तांबडं फुटलं: बॉम्ब टाकायचा हुकूम रोबँ या फ्रेंच अधिकाऱ्याचा, आणि हिशोब हॉककडे? आमच्याकडेही पोलिसांनी गाव झोडपलं की आंदोलन करणाऱ्यालाच दोष देतात.

माजलगावकर: बाझँवर कुणी बोलतच नाही. तोंकिनच्या, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या, उपाशी गावांतली माणसं कराराने बांधून दक्षिणेत रबराच्या मळ्यांवर पाठवायची, डोक्यामागे दलाली घ्यायची, हा त्याचा धंदा. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीआधी मुकादम उचल द्यायचा आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, माणूस त्याचा. आईला सातवा महिना होता, तरी मोळी डोक्यावरच, कारण उचल फिटली नव्हती. बाझँवर गोळी का झाडली ते मला पुस्तकातून कळायची गरज नाही.

गोदातीर: आईंबद्दल वाईट वाटतं. पण एक मुकादम मेला म्हणून टोळ्या जायच्या थांबतात का? दुसरा येतो. बाझँला मारायला खुद्द हॉकचा विरोध होता, दडपशाही ओढवेल म्हणून. तसंच झालं.

माजलगावकर: उचल न घेतलेल्या माणसाला हे बोलणं सोपं असतं.

काळी माती: माझे वडील मुकादम होते, आता मीही बोलते. कारखान्याकडून पैसे अंगावर घ्यायचे, टोळीला वाटायचे. एका वर्षी अर्धी टोळी उचल घेऊन रातोरात पसार झाली. दोन एकर विकून फेडावं लागलं. प्रत्येक मुकादम राक्षस नसतो, आणि त्याला गोळी घाला म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

माजलगावकर: ताई, गोळी घाला असं मी कुठे म्हटलं? आणि बाझँला कधी जमीन विकावी लागली नाही. तो मधला माणूस नव्हता, राज्य त्याच्या पाठीशी होतं. माझ्या आईचा मुकादम आणि तुमचे वडील एका तागडीत मी तोलत नाही, तुम्हीच तोलताय.

सह्यकडा: मूळ विषयावर या. हाती काही लागलं नाही म्हणता? २२ मे १९३० ला पॅरिसमधले व्हिएतनामी विद्यार्थी या शिक्षांविरुद्ध थेट राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर उतरले, त्यातल्या १९ जणांना देशाबाहेर काढलं. ज्यांचा पक्ष वेगळा, त्या कम्युनिस्टांच्या राजवटीतही हनोईत हॉकच्या नावाचा रस्ता आहे. एका रात्रीत संपलेल्या गोष्टीसाठी हे कुणी करत नाही.

गोदातीर: पॅरिसचं मान्य, तेवढंच. रस्त्याला नाव मिळाल्याने देशातली उद्ध्वस्त झालेली संघटना उभी राहिली नाही. त्याच फेब्रुवारीत हाँगकाँगमध्ये कम्युनिस्ट पक्ष जन्मला आणि मोकळी झालेली जागा त्याने घेतली. तयारीशिवाय उठाव केला की मैदान दुसऱ्याला मिळतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

तांबडं फुटलं: त्या पक्षालाही त्याच वर्षी न्गे आन, हा तिन्ह या प्रांतांमध्ये फ्रेंचांनी रक्तात बुडवलं. तयारी त्यांची तरी पुरी होती का?

काळी माती: माजलगावकर, राज्य पाठीशी असणं आणि कारखाना पाठीशी असणं यात फरक आहे, हे पटलं. पण आमचे दोन एकर गेले ते गेलेच.

माजलगावकर: तुमच्याकडे विकायला दोन एकर होते, ताई. आमच्या टोळीतल्या एकाही बाईच्या नावावर गुंठाभर नव्हता.